त्या संख्या आल्या कोठून?

जुनी पोथी हाती आली की अभ्यासक आधी तिचे शेवटचे पान उलटून पाहतो. लेखनिक कोण, शक कोणता, कोणत्या प्रतीवरून ती उतरवून घेतली, हे तेथे नोंदलेले असते. नसेल तर संशयाला तेथूनच प्रारंभ होतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत पुढे कोणी स्वतःची ओवी घालू नये असे बजावून ठेवले, ही घटना मराठीचे अध्यापक दरवर्षी वर्गात सांगतात. पाठ, प्रक्षेप, परंपरा हे शब्द आपल्या नित्याच्या वापरातले आहेत. मात्र हाच प्रश्न गेल्या पाव शतकात एका निराळ्याच संहितेपुढे उभा राहिला, याची वार्ता आपल्या वर्तुळात फारशी पोचलेली नाही. ही संहिता म्हणजे संगणकीय गूढलेखनाची एक लायब्ररी, आणि वादाचा विषय म्हणजे तीत छापलेल्या काही संख्या. प्रस्तुत लेखक गणिताचा विद्यार्थी नव्हे. परंतु प्रश्न जर संहितेचा असेल, तर त्यात लक्ष घालण्याचा अधिकार आपल्यालाही आहे असे वाटते.

‘ओपनएसएसएल’ हे त्या लायब्ररीचे नाव. एरिक यंग व टिम हडसन यांनी लिहिलेल्या आधीच्या एका संचावरून १९९८ च्या अखेरीस हा प्रकल्प सुरू झाला. येथे लायब्ररी म्हणजे तयार आज्ञावलींचा संग्रह. प्रत्येकाने गूढलेखनाचे गणित नव्याने लिहीत बसण्याऐवजी या संग्रहातून हवे ते उचलावे, अशी ही सोय. महाजालावरील असंख्य संकेतस्थळांचे कुलूप-किल्लीचे काम याच आज्ञावलींवर चालते. तिचा मूळ मजकूर कोणालाही उघडून वाचता येतो. त्यातील एका फाईलमध्ये लांबच लांब संख्यांचे रकानेच्या रकाने आहेत. त्या संख्या ‘इलिप्टिक कर्व्ह’च्या, म्हणजे लंबवर्तुळी वक्रांच्या आहेत.

या वक्राची कथा फार मागे जाते. अलेक्झांड्रियाचा डायोफँटस सामान्यतः इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातला मानला जातो. त्याच्या ‘अरिथ्मेटिका’ ग्रंथात एक कोडे आहे: ६ ही संख्या दोन भागांत अशी विभागावी की त्या भागांचा गुणाकार हा एखाद्या घनातून त्याचे घनमूळ वजा केल्यावर उरणाऱ्या संख्येइतका यावा. डायोफँटसने दिलेले उत्तर असे: भाग २६/२७ व १३६/२७, आणि घनमूळ १७/९. वाचकाने कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहावे; दोन्ही बाजूंना ३५३६/७२९ येतात. आजच्या भाषेत सांगायचे तर त्याने एका वक्रावरच्या सहज दिसणाऱ्या बिंदूपाशी स्पर्शिका काढली आणि ती वक्राला पुन्हा जेथे छेदते तेथून नवे उत्तर उचलले. अर्थात त्याच्यापुढे ना आलेख होता ना स्पर्शिका. होती ती केवळ संख्यांची चतुराई.

‘लंबवर्तुळी’ हे नाव मात्र फसवे आहे. हा वक्र लंबवर्तुळासारखा दिसत नाही. लंबवर्तुळाच्या कंसाची लांबी मोजताना जी अवघड समाकलने उद्भवली, त्यांचा अभ्यास अठराव्या शतकात फान्यानो व ऑयलर यांनी आणि पुढच्या शतकात आबेल व याकोबी यांनी केला. त्या अभ्यासातून हे वक्र पुढे आले आणि नाव चिकटले ते चिकटलेच. शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीपासून किती दूर जाऊ शकतो, याचे हे गणितातले उदाहरण म्हणावे लागेल.

या वक्राचे वैशिष्ट्य असे की त्यावरच्या बिंदूंची ‘बेरीज’ करता येते. दोन बिंदू घ्यावेत, त्यांतून जाणारी सरळ रेषा काढावी. ती वक्राला तिसऱ्या बिंदूत छेदते. त्या तिसऱ्या बिंदूचे आडव्या अक्षापलीकडचे प्रतिबिंब म्हणजे पहिल्या दोहोंची बेरीज. एकच बिंदू स्वतःत मिळवायचा असेल तर रेषेऐवजी स्पर्शिका घ्यावी. अनंतावरील एक काल्पनिक बिंदू शून्याचे काम करतो. या नियमांनी बांधलेल्या बिंदुसमुदायाला गणिती ‘गट’ म्हणतात. दोन उत्तरांतून तिसरे उत्तर निर्माण करण्याची कल्पना आपल्याकडेही होती. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ मध्ये वर्गप्रकृतीच्या समीकरणांसाठी ‘भावना’ नावाची अशीच रीत सांगितली आणि भास्कराचार्यांनी ११५० मध्ये चक्रवाल पद्धतीत तिचा उपयोग करून दाखवला. ती समीकरणे वर्गाची होती, येथे प्रश्न घनाचा आहे. एकातून दुसरे निघाले असा दावा येथे करावयाचा नाही. तरीही भास्कराचार्यांच्या वाचकाला गटाची कल्पना अगदीच परकी वाटू नये.

विसाव्या शतकात या विषयाला सैद्धांतिक प्रतिष्ठा मिळाली. वक्रावरील परिमेय बिंदूंच्या या रचनेचा पद्धतशीर विचार प्वांकारेने १९०१ मध्ये मांडला. असे सर्व बिंदू मोजक्याच मूळ बिंदूंपासून निर्माण होतात, हे मॉर्डेलने १९२२ मध्ये सिद्ध केले. १९३० च्या दशकात हासे याने मर्यादित संख्यांच्या जगात या वक्रांवर साधारण किती बिंदू असतात याचे माप दिले. मर्यादित संख्यांचे जग म्हणजे घड्याळाचे अंकगणित: तबकडीवर बारानंतर पुन्हा एक येतो, तसे एका मोठ्या मूळ संख्येपाशी पोचल्यावर मोजणी पुन्हा आरंभापासून सुरू होते. तेथे वक्राची गुळगुळीत रेषा उरत नाही, विखुरलेले ठिपके उरतात. बेरजेचे नियम मात्र तसेच चालतात. याच काळात, १९४० मध्ये, हार्डीने आपल्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या पुस्तकात संख्याशास्त्राच्या निरुपयोगीपणाचा अभिमानाने उल्लेख केला होता. त्याचा उपयोग युद्धासाठी कोणी करू शकत नाही, याचे त्याला समाधान होते.

ते समाधान टिकले नाही. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी असा विचार मांडला की दोन अनोळखी व्यक्तींना उघड्यावर बोलूनही एक सामाईक गुपित ठरवता येईल. अट एवढीच की करायला सोपी आणि उलटवायला अवघड अशी एखादी गणिती क्रिया हाती हवी. १९८५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील नील कोब्लिट्झ आणि आयबीएममधील व्हिक्टर मिलर यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, ही क्रिया लंबवर्तुळी वक्रांच्या गटात शोधावी असे सुचवले. एक बिंदू घेऊन तो स्वतःतच कित्येक वेळा मिळवावा. वेळांची संख्या प्रचंड असली तरी दुप्पट करत गेल्यास काही शे पायऱ्यांत उत्तर येते. मात्र पहिला व शेवटचा बिंदू देऊन ‘किती वेळा मिळवला?’ असे विचारले, तर योग्य निवडलेल्या वक्रावर त्याचे उत्तर काढण्याचा व्यवहार्य मार्ग आजच्या संगणकांना ठाऊक नाही. ती ‘किती’ हीच गुप्त किल्ली. जुन्या आरएसए पद्धतीत जी सुरक्षितता मिळवण्यासाठी ३०७२ बिटांची संख्या लागते, ती येथे २५६ बिटांत मिळते असे मानले जाते. लहान उपकरणांच्या युगात हा फरक निर्णायक ठरला.

आता पुन्हा लायब्ररीकडे वळू. ओपनएसएसएलमध्ये ‘ईसी_ग्रुप’ नावाची एक रचना आहे आणि ‘ईसी_पॉइंट’ नावाची दुसरी. पहिलीत वक्राची मूळ संख्या, त्याचे गुणांक, आरंभबिंदू आणि गटाची कोटी असते. दुसरीत त्या वक्रावरचा एखादा बिंदू. दोन बिंदूंची बेरीज करण्यासाठी ‘ईसी_पॉइंट_अ‍ॅड’ आणि गुणाकारासाठी ‘ईसी_पॉइंट_मल’ अशी फंक्शने आहेत. फान्यानोपासून हासेपर्यंतचा सारा व्यासंग येथे एका ओळीच्या हाकेत सामावला आहे. प्रोग्रॅमरने वक्राचे नाव सांगावे, बाकीचे लायब्ररी पाहते.

या सोयीतच धोका आहे. समोरून आलेला बिंदू खरोखर आपल्याच वक्रावरचा आहे का, हे तपासणारे फंक्शन लायब्ररीत असते. ती तपासणी कोठेच झाली नाही, तर शत्रू दुसऱ्याच दुबळ्या वक्रावरचा बिंदू पुढे करून किल्लीचे तुकडे काढून घेऊ शकतो. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या एका परिषदेत ‘फेलओव्हरफ्लो’ या गटाने दाखवून दिले की सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये प्रत्येक डिजिटल सहीसाठी नवी यादृच्छिक संख्या घेण्याऐवजी एकच संख्या पुनःपुन्हा वापरली गेली होती. अशा दोन सह्यांवरून साध्या बीजगणिताने गुप्त किल्ली काढता येते. सिद्धांत अभंग राहिला, चूक लेखनिकाची होती.

परंतु लेखनिक प्रामाणिक आणि अचूक असला, तरी मूळ प्रतीचे काय? अमेरिकेच्या ‘निस्ट’ या प्रमाण-संस्थेने २००० साली काही वक्रांची शिफारस केली. ते वक्र तेथील राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने, म्हणजे ‘एनएसए’ने, पुरवले होते आणि त्या कामाशी जेरी सोलिनास या गणितज्ञाचे नाव जोडले जाते. वक्र मनाजोगा निवडलेला नाही हे दाखवण्यासाठी प्रत्येक वक्रासोबत एक ‘बीज’ दिले होते. त्या बीजावर ठरावीक प्रक्रिया केली की वक्राचा गुणांक मिळतो. प्रक्रिया कोणालाही पडताळता येते. पण बीज कोठून आले? ‘पी-२५६’ या सर्वाधिक प्रसृत वक्राचे ४० चिन्हांचे बीज लायब्ररीच्या फाईलमध्ये आजही वाचता येते. त्याच्या उगमाविषयी मात्र एक अक्षर नाही.

हा संशय केवळ पंडिती राहिला असता. पण २००६ मध्ये ‘निस्ट’ने ‘ड्युअल ईसी’ नावाची यादृच्छिक संख्या निर्माण करण्याची रीत प्रमाण म्हणून प्रसिद्ध केली. तीत वक्रावरचे दोन बिंदू दिलेले होते. २००७ च्या क्रिप्टो परिषदेत डॅन शुमो व नील्स फर्ग्युसन यांनी दाखवले की या दोन बिंदूंमधले गुप्त नाते जर कोणाला ठाऊक असेल, तर थोडेसे उत्पन्न पाहून पुढच्या साऱ्या संख्या त्याला सांगता येतील. त्यांनी कोणावर आरोप केला नाही. असे करता येते, एवढेच म्हटले. सप्टेंबर २०१३ मध्ये स्नोडेनच्या कागदपत्रांवर आधारित वृत्ते आली, संशयाला बळ मिळाले, आणि २०१४ मध्ये ‘निस्ट’ने ती रीत मागे घेतली. ओपनएसएसएलच्या प्रमाणित विभागात ही रीत समाविष्ट होती. तिच्या लेखनात एक चूक असल्यामुळे ती मुळी चालतच नव्हती, हे २०१३ च्या डिसेंबरात उघडकीस आले. तोवर कोणी तक्रार केली नव्हती, कारण बहुधा कोणी ती वापरलीच नव्हती. सर्वांसमोर उघडा असलेला ग्रंथ कोणी वाचतोच असे नाही, हा धडा साहित्याच्या अभ्यासकाला नवा नसावा.

याला उत्तर देण्याचा एक मार्ग डॅनियल बर्नस्टाइन यांनी २००५-०६ मध्येच दाखवला होता. त्यांच्या ‘कर्व्ह२५५१९’ या वक्राचे नावच त्याच्या मूळ संख्येवरून आले आहे: २ चा २५५ वा घात वजा १९. त्याचा गुणांक ४८६६६२. सुरक्षिततेच्या व वेगाच्या जाहीर अटी पूर्ण करणारा तो सर्वांत लहान म्हणून घेतला. येथे प्रत्येक अंकाला कारण आहे आणि ते छापलेले आहे. आज व्हॉट्सअ‍ॅपवरून विद्यार्थ्याला धाडलेला निरोपही याच वक्राच्या आधाराने बंदिस्त होतो.

१९९४ मध्ये पीटर शोर यांनी सिद्ध केले की पुरेसा मोठा क्वांटम संगणक उभा राहिला तर हे सारे गट उघडे पडतील. त्या दिवसाच्या तयारीसाठी ‘निस्ट’ने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची प्रमाणे जाहीर केली आणि एप्रिल २०२५ च्या ओपनएसएसएल आवृत्तीत त्या आल्याही. नव्या संहितेलाही तोच जुना प्रश्न विचारावा लागणार आहे.

राहता राहिले ते ४० चिन्हांचे बीज. ‘पी-२५६’ दुबळा असल्याचा कोणताही पुरावा आजवर पुढे आलेला नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. असे सांगितले जाते की सोलिनास यांनी ही बीजे काही साध्या इंग्रजी वाक्यांवर प्रक्रिया करून घडवली होती आणि ती वाक्ये पुढे हरवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या शोधासाठी १२,२८८ डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. प्रक्रिया अशी आहे की वाक्यावरून बीज क्षणात निघते, बीजावरून वाक्य काढता येत नाही; अंदाज बांधत, एकेक पाठ लावून पाहत जावे लागते. जगाच्या एवढ्या मोठ्या व्यवहाराचा विश्वास अखेर एका गहाळ वाक्यापाशी येऊन थांबावा, आणि गणितज्ञांनी ते पाठचिकित्सकाच्या चिकाटीने शोधावे, हे आपल्या विषयाच्या विद्यार्थ्याने ठाऊक करून घ्यावे असे आहे.