अवशिष्ट रोजकीर्द फाईल
अंतःस्थापित डेटाबेसमधील एखादा व्यवहार मध्येच खंडित झाल्यास डिस्कवर मागे राहणारी साहाय्यक फाईल. अंतःस्थापित डेटाबेस स्वतंत्र सेवा-कार्यक्रमावर अवलंबून नसतो. तो वापरणाऱ्या कार्यक्रमाचाच एक भाग म्हणून चालतो. अवशिष्ट फाईल निरुपयोगी समजून पुसून टाकण्याची प्रवृत्ती आढळते; परंतु व्यवहारापूर्वीच्या सुसंगत स्थितीचा एकमेव पुरावा बहुधा तिच्यातच असतो.

एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्यात जमा होण्यापूर्वीच वीज गेली, तर हिशेब बिघडतो. म्हणून व्यवहार संपूर्ण व्हावा, अन्यथा मुळीच होऊ नये, हे तत्त्व डेटाबेसशास्त्रात मान्य झाले. १९७०–८० या दशकात आय. बी. एम. कंपनीच्या सॅन होसे (कॅलिफोर्निया) येथील प्रयोगशाळेत ‘सिस्टिम आर’ या प्रायोगिक डेटाबेसवर काम करताना जिम ग्रे व त्यांचे सहकारी यांनी पुनःस्थापनेच्या पद्धती विकसित केल्या. अणुता, सुसंगती, अलगता व टिकाऊपणा या चार गुणांसाठी ‘ॲसिड’ ही संज्ञा टेओ हेर्डर व आंड्रेआस रॉयटर यांनी १९८३ मध्ये रूढ केली.

अमेरिकी नौदलाच्या विनाशिकेसाठी कार्यक्रम तयार करीत असताना, डेटाबेस-सेवा बंद पडली की मूळ कार्यक्रमही अडतो, असा अनुभव डी. रिचर्ड हिप यांना आला. त्यातून २००० मध्ये त्यांनी ‘एसक्यूलाइट’ हा अंतःस्थापित डेटाबेस निर्माण केला. त्याची पहिली आवृत्ती ‘जीडीबीएम’ या तयार साधनावर आधारलेली होती व तीत व्यवहारांची सोय नव्हती. २००१ मधील दुसऱ्या आवृत्तीत स्वतंत्र रचना आली व तिच्याबरोबर व्यवहारांची सोयही आली. सेवा-कार्यक्रम नसल्याने पुनःस्थापनेची जबाबदारी आता फाईल उघडणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमावर येऊन पडली.

या पद्धतीत बदलावयाच्या पृष्ठांच्या मूळ प्रती प्रथम रोजकीर्दीत लिहून डिस्कवर पक्क्या केल्या जातात. त्यानंतरच मुख्य फाईल बदलली जाते. तीही डिस्कवर पक्की झाल्यावर रोजकीर्द पुसली जाते आणि त्याच क्षणी व्यवहार पूर्ण झाला, असे मानतात. तत्पूर्वी वीज गेल्यास रोजकीर्द शिल्लक राहते. पुढे डेटाबेस उघडणारा कार्यक्रम ती पाहतो. फाईल रिकामी नसेल, तिचे शीर्षक सुस्थितीत असेल आणि मुख्य फाईलवर लेखनासाठी राखलेले कुलूप नसेल, तर ती ‘तप्त’ ठरते; कुलूप असेल, तर तिचा धनी अद्याप जिवंत आहे, असे समजतात. तप्त रोजकीर्द आढळल्यास कार्यक्रम मुख्य फाईलचा अनन्य ताबा घेतो, मूळ पृष्ठे जागच्या जागी परत लिहितो व शेवटी रोजकीर्द पुसतो. या कामी लेखनाधिकार लागतो. तो नसल्यास नुसते वाचनही अडते.

शिल्लक राहिलेली प्रत्येक फाईल मात्र तप्त नसते. फाईल पुसण्याचा वेळ वाचावा म्हणून काही प्रकारांत तिची लांबी शून्य करतात किंवा तिच्या शीर्षकावर शून्ये लिहितात. अशी फाईल निरुपद्रवी असते. उलट, जुलै २०१० मधील ३.७.० या आवृत्तीत आलेल्या ‘अग्रलेखन’ पद्धतीत मुख्य फाईल तशीच ठेवून नवी पृष्ठे साहाय्यक फाईलीत लिहितात व सवडीने मुख्य फाईलीत नेतात. येथे साहाय्यक फाईल नष्ट झाल्यास पूर्ण झालेले व्यवहारही गमावण्याचा धोका असतो.

यावरून काही नियम निष्पन्न होतात. अवशिष्ट फाईल हाताने पुसू नये, तिचे नाव बदलू नये, मुख्य फाईल तिच्याशिवाय अन्यत्र हलवू नये. तप्त रोजकीर्द नाहीशी झाली, तर जुनी व नवी पृष्ठे एकत्र मिसळलेला डेटाबेस हाती राहतो आणि तो दुरुस्त करण्यास कोणताच आधार उरत नाही. डेटाबेस नेहमीच्या रीतीने उघडू देणे, हाच सर्वांत सुरक्षित उपाय होय.