पत्र नक्की कुणाचं? तोतया ई-मेलचा थोडा इतिहास

आजचा विषय रोजच्या व्यवहारातला आहे. पैसे देण्याघेण्याच्या एखाद्या ऑनलाइन सेवेच्या नावाने खोटा ई-मेल येतो, माणूस फसतो, आणि वर आपणच त्याला विचारतो, 'एवढं कसं कळलं नाही?' हा प्रश्न न्याय्य आहे का, ते आज इतिहासात पाहू.

१९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ई-मेल पाठवण्याचे नियम लिहून काढले. तेव्हा संगणकांचं जाळं बव्हंशी विद्यापीठं आणि संशोधनसंस्थांपुरतं होतं. पाठवणाऱ्याने जे नाव लिहिलं ते खरं, असं धरूनच ती व्यवस्था चालायची. पाकिटावर कुणीही कुणाचंही नाव घालावं, पोस्टमन विचारत नाही, तसंच ते. आता आपल्याकडची मराठेशाहीतली पत्रं बघा. शेवटी मोर्तब असायचं. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही घुसडलं तर ते आमचं नव्हे, असा त्याचा अर्थ. म्हणजे कागदालाच आपली ओळख पटवावी लागे. ई-मेलमध्ये मोर्तबाची जागाच ठेवलेली नव्हती.

ही उणीव पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली अमेरिकेत, १९९०च्या दशकाच्या मध्यात. अमेरिका ऑनलाइन या कंपनीचे कर्मचारी आहोत असं भासवून काही जण ग्राहकांकडून पासवर्ड काढून घेत. गळ टाकून मासे पकडण्यावरून 'फिशिंग' हा शब्द रूढ झाला तो याच काळात.

मग १९९९मध्ये पेपाल आलं. समोरच्याचा ई-मेल पत्ता माहीत असला की त्याला पैसे पाठवता येत, आणि पैसे आल्याची वर्दीही ई-मेलनेच मिळे. सोय मोठीच होती. पण मघाशी पाहिलेल्या त्या बिनमोर्तबाच्या पत्रावर आता पैशांचा व्यवहार उभा राहिला. २०००च्या जुलैमध्येच तोतया हजर झाला. त्याने 'पेपाल'च्या इंग्रजी नावातलं शेवटचं 'एल' काढून तिथे 'आय' घातलं. मोठ्या लिपीतला 'आय' पडद्यावर हुबेहूब छोट्या 'एल'सारखा दिसतो. तुमच्या नावे पैसे आलेत, असा निरोप. आणि दुव्यावर गेलं की हुबेहूब तसंच पान.

२००३च्या नोव्हेंबरमध्ये 'मायमेल' नावाच्या संगणकीय किड्याने सूर बदलला. तुमचं पेपाल खातं बंद होणार आहे, कार्डाचा तपशील भरा! पहिल्या पत्रात आमिष होतं, दुसऱ्यात भीती आणि घाई. पुढची बहुतेक पत्रं या दोनच साच्यांतली आहेत.

२००५मध्ये काही सुरक्षा-संशोधकांनी रशियन लिपीतला 'अ' वापरून पेपालचा खोटा पत्ता तयार करून दाखवला. तो नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अशक्यच होतं. अखेर २०१२च्या जानेवारीत पेपाल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, याहू वगैरे कंपन्यांनी 'डीमार्क' ही पडताळणीची पद्धत जाहीर केली. पत्र खरोखर त्याच पत्त्यावरून आलं का, हे तिने तपासता येतं. म्हणजे मोर्तब आलं, पण तीस वर्षांनी! आणि तेही अपुरं. कारण मिळताजुळता पत्ता रीतसर विकत घेणाऱ्याला ते अडवत नाही.

आम्ही तत्त्वज्ञानवाले इथे एक गोष्ट नोंदवू. 'तू कोण?' हा प्रश्न या व्यवस्थेत प्रामुख्याने एकाच बाजूने विचारला गेला. ग्राहकाने पासवर्ड द्यायचा, पिन द्यायचा, जन्मतारीख सांगायची. सेवेने मात्र आपली ओळख पटवायची ती रंगाने आणि चिन्हाने, म्हणजे ज्यांची नक्कल सहज होते अशा गोष्टींनी. तेव्हा फसलेल्या माणसाला मूर्ख ठरवणं म्हणजे घराला कडी न बसवणाऱ्या सुताराऐवजी घरमालकाला दोष देणं होय.

आणि या दोषारोपाची किंमत मोजावी लागते. लाजेने माणूस गप्प बसतो आणि तक्रारीला उशीर होतो. तोतयाला तेवढंच हवं असतं. आपल्याकडे १९३० हा मदत क्रमांक आहे. तिथे जितक्या लवकर कळवू, तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

मग आपण काय करायचं? उलट प्रश्न विचारायचा. पत्रातल्या दुव्यावरून जायचं नाही. पत्ता स्वतः टाइप करायचा किंवा आपलं ॲप उघडायचं. खरं काम असेल तर ते तिथेही दिसेल. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, हेही पक्कं ध्यानात ठेवायचं. आणि घरात कुणी फसलं, तर 'कसं कळलं नाही?' हे विचारण्याआधी 'किती वेळ झाला?' हे विचारायचं.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.