आणेवारी कोणी ठरवावी?

करावे हा मूळचा खाडीकाठचा गाव. इंग्रजी अमलात अशा गावाला सरकार भेटे ते गव्हर्नराच्या रूपाने नव्हे. तलाठी, मामलेदार, प्रांत आणि शेवटी ठाण्याचा कलेक्टर, एवढेच त्याचे सरकार.

कलेक्टरची कर्तव्ये थोडीथोडकी नव्हती. सारा वसूल करणे, मॅजिस्ट्रेट म्हणून बंदोबस्त राखणे, हिवाळ्यात तंबू घेऊन तालुके फिरणे आणि दुष्काळ पडल्यास लोक जगवणे, हे सारे त्याच्याकडेच. यातील पहिले आणि शेवटचे कर्तव्य एकमेकांशी भांडणारे आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

पीक बुडाले, तर सारा तहकूब करण्याची सोय होती. पण पीक किती बुडाले, हे कोण सांगणार? पुरे पीक सोळा आणे धरून गावाची आणेवारी ठरे, आणि ती ठरवीत महसूल खात्याचीच माणसे. चार आण्यांहून कमी ठरली, तर रयत वाचली; थोडी अधिक ठरली, तर भांडीकुंडी जप्तीत गेली! त्यातून १८७६ च्या महसुली अधिकारितेच्या कायद्याने साऱ्याच्या तक्रारींना दिवाणी न्यायालयाचे दार बंद केले होते. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणे, त्याच्याच वरिष्ठापुढे अर्ज!

१८९६ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने दुष्काळाचे सरकारी नियम रयतेला समजावून सांगितले. बंड नव्हे, सरकारचेच नियम! तरी १८९७ साली सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. पुढे १९१८ साली मुंबई इलाख्यातल्याच खेडा जिल्ह्यात वाद पेटला, तोही आणेवारीवरच. अधिकारी म्हणत, पीक चार आण्यांहून अधिक. शेतकरी म्हणत, कमी. गांधीजींची पहिली मागणी निःपक्ष चौकशीची होती. ती नाकारली गेली, तेव्हा सत्याग्रह झाला.

या अधिकाऱ्यांत कष्टाळू आणि दयाळू माणसे नव्हती, असे मी म्हणत नाही. परंतु वसुलीची जबाबदारी ज्याच्या शिरावर, त्यालाच नुकसानीचा आकडा ठरवू देणे, ही व्यवस्था सज्जनालाही कसोटीस लावणारी होती.

करावे गावाला हा प्रश्न परका नाही. १९७० नंतर नवी मुंबईसाठी परिसरातल्या जमिनी घेतल्या गेल्या, त्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. भरपाईचा पहिला आकडा तेथेही महसुली अधिकाऱ्याचाच. मात्र तो आकडा मान्य नसल्यास प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याची मागणी करता येत असे. साऱ्याच्या रयतेला नेमका हाच मार्ग नव्हता. म्हणून अधिकारी किती भला, एवढेच विचारून थांबू नये. त्याचा आकडा दुसरे कोण तपासणार, हेही विचारावे.