एकांत एक अटी आणि बाहेर पडण्याची वाट

कोयना धरणातून सोडलेले पाणी सातारा जिल्ह्यातच कऱ्हाड येथे कृष्णेस मिळते व पुढे सांगलीस पोहोचते. विसर्गाचा निर्णय संगणकाच्या आज्ञावलीत मांडावयाचा झाला, तर अटी एकांत एक बसवाव्या लागतील. जलाशय भरत आला आहे काय? असल्यास आवक वाढत आहे काय? वाढत असल्यास सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटांची धोक्याची पातळी गाठली गेली आहे काय? आतल्या अटीस होकार मिळताच नेहमीचे गणित सोडून इशाऱ्याकडे वळावयाचे. परंतु नेमके कोणते आवरण सोडावयाचे, हा प्रश्न उरतो. आज्ञावली-भाषांच्या इतिहासात त्याची उत्तरे वेळोवेळी बदलत गेली आहेत.

१९५७ सालच्या फोर्ट्रानमध्ये ‘इफ’ हे विधानच तीन क्रमांकित विधानांपैकी एकाकडे उडी घेई. अल्गोल ६० ने अटींना बंदिस्त रचना दिली. ‘गो टू’ मात्र राहिले. १९६६ साली बोम व याकोपिनी यांनी क्रम, निवड व पुनरावृत्ती एवढ्यांवरच काम भागते असे सिद्ध केले, आणि मार्च १९६८ मध्ये डाइक्स्ट्रा यांनी ‘गो टू’ वर सुप्रसिद्ध आक्षेप घेतला. तथापि उडी टाळण्यासाठी खुणेचे चल वाढवावे, तर ते पावलोपावली तपासावे लागतात. म्हणूनच १९७४ साली क्नूथ यांनी काही प्रसंगी उडीच अधिक सुबोध ठरते, असे प्रतिपादन केले.

सी भाषेतील ‘ब्रेक’ ही मर्यादित उडी होय. ती आवर्तनातून किंवा ‘स्विच’मधून बाहेर काढते, ‘इफ’मधून नव्हे. हा भेद किती महाग पडू शकतो, हे १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेत दिसून आले. एटी अँड टी कंपनीच्या आज्ञावलीत ‘स्विच’च्या पोटातील ‘इफ’मध्ये एक ‘ब्रेक’ होता. त्याने सबंध ‘स्विच’ सोडल्यामुळे पुढील आवश्यक काम वगळले गेले. सावरलेले एक केंद्र शेजारच्या केंद्रांस संदेश पाठवी आणि त्या संदेशाने तीही बंद पडत. अशा रीतीने ११४ केंद्रांचे दूरध्वनी-जाळे सुमारे नऊ तास विस्कळित राहिले.

१९९५ सालच्या जावा भाषेत आवरणास नाव देऊन त्या नावानिशी ‘ब्रेक’ करण्याची सोय आहे. एकंदरीत पाहता, वादाचे मूळ उडीत नसून तिच्या अनिश्चित मुक्कामात आहे, असे म्हणावयास हरकत नाही. बाहेर पडणाऱ्याने आपण कोणता उंबरठा ओलांडीत आहो, हे वाचणाऱ्यास स्पष्ट सांगितले पाहिजे.