कॅमेऱ्याच्या पेटीत पाणी शिरते कुठून? वेमथच्या समुद्रापासून चौकातल्या खांबापर्यंत

१/१३
पहिला मोठा पाऊस पडून गेला की चौकातल्या खांबावरचा एखादा कॅमेरा आंधळा होतो. काच बाहेरून पुसली तरी चित्र स्वच्छ होत नाही, कारण धुके काचेच्या आतल्या बाजूला साचलेले असते. झाकण घट्ट, रबरी कडे शाबूत, स्क्रू आवळलेले. तरीही आत ओल. हे पाणी शिरले कुठून? या साध्या प्रश्नाला सुमारे एकशे सत्तर वर्षांचा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात रस्त्यावर नव्हे, समुद्रात होते.

२/१३
फेब्रुवारी १८५६. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील वेमथ. विल्यम थॉम्पसन हा व्यवसायाने वकील आणि आवडीने निसर्ग-अभ्यासक. वादळी पाण्याने पुलाच्या खांबांची खाली किती झीज होते, हे पाणबुड्याला न उतरवता, थोडक्या खर्चात पाहता येईल का, असा प्रश्न त्याला पडला. पेटीत बंद केलेला कॅमेरा दोरीने खाली सोडावा, हे त्याचे उत्तर होते. कॅमेऱ्याला पाण्यात नेण्याची ही कल्पना सौंदर्याच्या ओढीतून आलेली नव्हती. तिचा उगम देखरेखीच्या गरजेत होता.

३/१३
थॉम्पसनने समोर काच असलेली पेटी वेमथच्या उपसागरात सुमारे १८ फूट खोल सोडली आणि काचपट्टीवर दहा मिनिटे प्रकाश पडू दिला. पेटी वर आली तेव्हा आत समुद्राचे पाणी शिरलेले होते. तरीही पट्टीवर तळाचे अंधुक चित्र उमटले होते. पाण्याखालचे पहिले छायाचित्र म्हणून ते ओळखले जाते. म्हणजे या इतिहासातली पहिलीच पेटी गळकी निघाली. एवढ्या खोलीवर पाण्याचा जादा दाब वातावरणाच्या दाबाच्या निम्म्याहून अधिक असतो. पेटीतली हवा मात्र किनाऱ्यावरच्याच दाबाची होती. या तफावतीपुढे सांधे टिकले नाहीत.

४/१३
१८९३. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला बान्यूल्स-सुर-मेर येथील आरागो प्रयोगशाळा. जीवशास्त्रज्ञ लुई बूताँ याला समुद्रतळाची छायाचित्रे हवी होती. त्याचा भाऊ ऑग्युस्त अभियंता होता. त्याने तांब्याची जलरोधक पेटी घडवली. पेटीचे पत्रे अधिकाधिक जाड करणे आणि सांधे अधिकाधिक आवळणे, हा सरळ मार्ग झाला असता. बूताँ बंधूंनी त्याला एक वेगळी जोड दिली: पेटीला हवेने भरलेला रबरी फुगा जोडला.

५/१३
पेटी जसजशी खोल जाई, तसतसा पाण्याचा दाब फुग्याला चेपत जाई. फुग्यातली हवा पेटीत ढकलली जाई आणि आतला दाब बाहेरच्या दाबाच्या बरोबरीला येई. दोन्हीकडचा दाब सारखा झाल्यावर सांध्यातून आत घुसण्याचे पाण्याला कारणच उरत नसे. पाण्याला रोखायचे असेल तर आधी हवेचा हिशोब मिटवावा लागतो, हे तत्त्व येथे प्रत्यक्ष यंत्रात उतरले. खांबावरच्या कॅमेऱ्याचे कोडेही याच तत्त्वाने सुटते. मात्र त्याआधी कॅमेरा जमिनीवर पहारेकरी व्हावा लागला.

६/१३
१९४२ मध्ये जर्मनीतील पेनम्युंड येथे व्ही-२ रॉकेटांच्या चाचण्या चालू होत्या. उड्डाण जवळून पाहणे म्हणजे जिवाशी खेळ. वाल्टर ब्रूख या अभियंत्याने तेथे दूरचित्रवाणीचे बंद परिपथ उभारले: कॅमेरा धोक्याच्या जागी, पाहणारे सुरक्षित अंतरावर. पुढे १९६० मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात गर्दीवर नजर ठेवण्यासाठी पोलिसांनी तात्पुरते कॅमेरे लावले. त्यानंतरच्या दशकांत हे तात्पुरतेपण सरले. कॅमेरा बारमाही उघड्यावर राहू लागला आणि ऊन, पाऊस व धूळ यांच्याशी त्याची रोजची गाठ पडली.

७/१३
वरवर पाहता खांबावरच्या पेटीला समुद्राचा दाब सोसावा लागत नाही. पण स्वयंपाकघरातला अनुभव आठवावा. गरम पदार्थ डब्यात भरून झाकण लगेच दाबून बसवले, तर डबा निवल्यावर ते झाकण निघता निघत नाही. आतली हवा थंड होऊन तिचा दाब उतरतो आणि बाहेरची हवा झाकणाला दाबून धरते. उन्हात तापलेल्या कॅमेऱ्यावर अचानक सर कोसळते तेव्हा नेमके हेच घडते.

८/१३
आकडे पाहावेत. घट्ट बंद आणि न चेपणाऱ्या पेटीतली हवा ६० अंश सेल्सियसवरून २५ अंशांवर आली, तर आतला दाब सुमारे एक दशांशाने उतरतो. ही तफावत साधारण एक मीटर पाण्याच्या दाबाएवढी भरते. म्हणजे रस्त्यापासून कितीतरी उंचावर टांगलेला कॅमेरा त्या घटकेला जणू मीटरभर पाण्याखाली बुडालेला असतो. पावसाचे पाणी त्याच वेळी सांध्यावर साचलेले असल्याने बारीकशा फटीतूनही ते आत ओढले जाते. पुढच्या उन्हात आतली हवा फुगून बाहेर पडते, पण पाणी मागे उरते. रोजच्या या श्वासोच्छ्वासाने पेटी थोडी थोडी भरत जाते.

९/१३
पेटी किती सुरक्षित, हे ठरवण्यासाठी समान मोजमाप हवे होते. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९७६ मध्ये ५२९ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ ची. भारतीय मानक आयएस १२०६३ हे १९८७ चे. खोक्यावर छापलेले ‘आयपी ६६’ किंवा ‘आयपी ६७’ याच परंपरेतून आले. पहिला अंक घन पदार्थांचा: ६ म्हणजे धुळीला पूर्ण मज्जाव. दुसरा पाण्याचा: ६ म्हणजे मिनिटाला १०० लिटरचा झोत, ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास.

१०/१३
या मानकाच्या तपशिलात पेटीच्या श्वासाची दखल आहे. धुळीच्या चाचणीत पेटीभोवती शंखजिऱ्याची बारीक भुकटी उडवतात. तापण्या-निवण्यामुळे जिच्या आतला दाब उतरतो अशी पेटी असेल, तर चाचणीच्या वेळी तिच्यातली हवा पंपाने मुद्दाम ओढून घेतात. पाण्याच्या फवाऱ्यांच्या चाचणीत मात्र पाणी आणि वस्तू यांच्या तापमानात ५ अंशांहून अधिक फरक नसावा, अशी सूचना आहे. पाणी त्याहून थंड असल्यास दाब समतोल राखण्याची तरतूद करावी लागते. विदर्भातल्या मे महिन्यात तापलेली पेटी आणि वळवाची सर यांच्यातला फरक त्या ५ अंशांत मावत नाही. खोक्यावरचा आकडा खरा असूनही कॅमेरा आतून ओला होऊ शकतो, याचे एक कारण येथे सापडते.

११/१३
उपाय आला तो वेगळ्याच दिशेने. १९६९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट गोर टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या ताणून पाहत होता. सावकाश ताणलेली प्रत्येक कांडी तुटत होती. शेवटी त्याने एका कांडीला जोराचा झटका दिला आणि ती न तुटता कितीतरी लांब झाली. अशा ताणलेल्या टेफ्लॉनमध्ये अतिसूक्ष्म छिद्रांचे जाळे असते. त्यातून हवा आणि वाफ ये-जा करतात, पाण्याचा थेंब मात्र अडतो. पावसाळी कपड्यांमुळे हे कापड प्रसिद्ध झाले. त्याच पदार्थाची लहानशी चकती आज अनेक कॅमेऱ्यांच्या पेटीला बसवलेली असते. बूताँ बंधूंच्या फुग्याचे काम आता ही चकती करते.

१२/१३
हे न कळल्यामुळे होणारी चूक सर्रास दिसते. कॅमेऱ्यात ओल दिसली की दिसेल ती फट सिलिकॉनने लिंपली जाते. त्या भरात श्वासाची चकती आणि पाणी निचरण्याचे छिद्रही बुजते, आतली दमट हवा आतच कोंडते आणि धुके वाढते. वायर वरून थेट पेटीत आणली असेल, तर तिच्या अंगावरून ओघळणारे पाणी सांध्यापाशीच पोहोचते. ती आधी खाली झोळ देऊन मग वर नेली, तर थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतात. धुळीने माखलेली चकती श्वास घेऊ शकत नाही, म्हणून सफाई केवळ काचेची असून भागत नाही. कोकण किनाऱ्यावर खाऱ्या हवेने गंजणारे स्क्रूही पाण्याला वाट करून देतात.

१३/१३
२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईत शहरव्यापी कॅमेऱ्यांची यंत्रणा उभी राहिली. अपघात असो वा गुन्हा, साक्षीदार म्हणून आज कॅमेऱ्याकडे पाहिले जाते. हा साक्षीदार मुसळधार पावसाच्या रात्रीच धुकाळला, तर हरवतो तो कोणाचा तरी न्याय. थॉम्पसनची पेटी गळली तरी चित्र उरले, हे त्याचे नशीब; खांबावरच्या कॅमेऱ्याला तसे नशीब दर वेळी लाभत नाही. पाण्याला दार बंद करताना हवेसाठी खिडकी ठेवावी लागते, हे बान्यूल्सच्या तांब्याच्या पेटीने १८९३ मध्येच दाखवून दिले होते. शिडीवर चढून सिलिकॉनची नळी हातात घेणाऱ्याने ते आठवले, तरी पुष्कळ झाले.
(समाप्त)