सर गेले, आता टीम कुणाची?

आजच्या भागाचा हा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले "अं... म्हणजे..." काढून टाकलेत.

आजचा इतिहास एका रिकाम्या चौकटीचा आहे. बास्केटबॉलच्या स्कोअरशीटवर टीमच्या यादीखाली दोन ओळी असतात. एक मुख्य प्रशिक्षकाची, दुसरी सहायकाची. त्या दुसऱ्या ओळीची गोष्ट सांगायची तर आधी मला पाचगणीला जावं लागेल.

मी दहावीत होतो. पाऊस नुकताच उघडला होता. महाबळेश्वर-पाचगणीकडे पावसाळ्यात उघड्या कोर्टवर शेवाळच धरतं, त्यामुळे ऑक्टोबरात ऊन पडलं की सगळे मॅचेसच्या मागे लागतात. आम्ही वाईहून पसरणीचा घाट चढून आलो होतो. समोर तिथल्या एका निवासी शाळेची टीम. त्यांचे बूट बघूनच आमची निम्मी मॅच हरून झाली होती.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये आमचा सगळ्यात उंच पोरगा तोंडावर आपटला. हनुवटी फाटली. आमच्या सरांनी त्याला रुमाल बांधला, जीपमध्ये घातलं आणि दवाखान्यात घेऊन गेले. दुसरं करणार तरी काय? बेंचवर आमचे धाकटे सर होते, नुकतेच शाळेत लागलेले. ते उठले, बाह्या सरसावल्या आणि ओरडून सूचना द्यायला लागले.

पंचांनी शिट्टी वाजवली. टेबलापाशी गेले, स्कोअरशीट पाहिली. सहायक प्रशिक्षकाच्या ओळीत आडवी रेघ. सरांनी सकाळी "राहू दे, कोण लिहितंय" म्हणून मारलेली.

पंच धाकट्या सरांना म्हणाले, "सर, तुम्ही बसा." मग आमच्याकडे वळले. "कॅप्टन कोण?"

मी हात वर केला. आणि सोळाव्या वर्षी, घामानं निथळत, मी मुख्य प्रशिक्षक झालो.

तेव्हा मला वाटलं, काय हा अन्याय! शिकवणारा माणूस समोर बसलाय आणि त्याला गप्प बसवून दहावीच्या पोराला कोच करताय? कितीतरी वर्षांनी या खेळाचा इतिहास वाचला तेव्हा कळलं, की त्या दिवशी पंचांनी मला कुठलीही नवी जागा दिली नव्हती. ती जागा मुळात कॅप्टनचीच होती.

कशी, ते सांगतो.

डिसेंबर १८९१. अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड. जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं थंडीत बंद हॉलमध्ये पोरांना खेळवायला एक खेळ काढला. पीच ठेवायच्या दोन टोपल्या, एका बाजूला नऊ खेळाडू आणि १३ नियम. आता हे १३ नियम वाचा. चेंडूवर नजर ठेवणारा पंच आहे, खेळाडूंवर नजर ठेवणारा पंच आहे. शेवटच्या नियमात कॅप्टनही आहेत : बरोबरी झाली तर दोन्ही कॅप्टनच्या संमतीनं पुढचा गोल होईपर्यंत खेळ चालू ठेवता येईल. कोच मात्र कुठेच नाही. त्या तेरा नियमांत टीमच्या वतीनं 'हो' किंवा 'नाही' म्हणणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे कॅप्टन.

आणि गंमत ऐका. त्या पहिल्या मॅचचे दोन कॅप्टन होते, त्यातला एक डंकन पॅटन. हाच पुढे वायएमसीएच्या कामासाठी भारतात आला आणि १८९४ च्या सुमारास त्यानं हा खेळ इथे आणला. म्हणजे आपल्याकडे बास्केटबॉल आला तोच मुळी एका कॅप्टनच्या हातून!

बरं, मग कोच आला कधी? हळूहळू आला, आणि आला तेव्हा त्याला दाराबाहेरच उभं केलं होतं. अमेरिकन कॉलेजांच्या नियमांत १९१० च्या सुमारास स्पष्ट लिहिलं होतं, की खेळ चालू असताना टीमशी संबंधित कुणीही शिकवायचं नाही. पहिल्यांदा ताकीद, त्यानंतर समोरच्या टीमला फ्री थ्रो. कोचनं काय शिकवायचं ते आधी शिकवावं, मॅच पोरांची, असा सरळ हिशेब. टाइम-आउटमध्ये खेळाडूंशी बोलायची परवानगी तिथल्या कोचना मिळाली ती थेट १९४८-४९ च्या हंगामात. म्हणजे खेळ जन्मल्यावर तब्बल ५७ वर्षांनी. खुद्द नेस्मिथ कॅन्सस विद्यापीठाचे पहिले कोच होते, ५५ मॅच जिंकले आणि ६० हरले. कोचिंगवर त्यांचा फारसा जीव नव्हताच म्हणतात.

आता आजच्या फिबाच्या नियमांकडे या. फिबा म्हणजे बास्केटबॉलची आंतरराष्ट्रीय संघटना, १९३२ साली जिनिव्हात स्थापन झालेली. आज मुख्य प्रशिक्षकाच्या हातात खूप काही आहे. मॅचच्या किमान ४० मिनिटं आधी टीमची यादी द्यायची. १० मिनिटं आधी ती तपासून सही करायची आणि सुरुवातीचे पाच खेळाडू सांगायचे. बेंचवरच्या कुणी तमाशा केला तर तो फाउलही याच्याच नावावर चढतो. स्वतःच्या वागण्याबद्दल दोन टेक्निकल फाउल झाले की थेट ड्रेसिंग रूमचा किंवा बाहेरचा रस्ता.

आणि तो बाहेर गेला, आजारी पडला, किंवा आमच्या सरांसारखा दवाखान्यात गेला तर? ज्याचं नाव शीटवर आहे तो पहिला सहायक प्रशिक्षक त्याची सगळी कामं आणि सगळे हक्क घेतो. सगळे, बरं का. एरवी या सहायकाला पंचांशी बोलायची मुभा नसते. मुख्य प्रशिक्षक उभा असेल तर यानं बसायचं, दोघांनी एकदम उभं राहायचं नाही. पण जबाबदारी आली की पूर्ण येते. आणि शीटवर सहायकच नसेल, किंवा तोही गेला, तर कॅप्टन. कॅप्टन बदली होऊन बाहेर बसला तरी कोच म्हणून तोच राहतो.

आता ही शिडी इतिहासाला लावून बघा. खेळात आधी आला कॅप्टन, मग कोच, आणि कोचच्या हाताखाली सहायक. एकेक जण गेला की खेळ आल्या वाटेनं मागे जातो आणि शेवटी पहिल्या मालकाच्या दारात येऊन थांबतो.

पण मग धाकट्या सरांना का बसवलं? कारण अधिकार आवाजानं येत नाही, अनुभवानंही येत नाही. तो आधी कागदावर लागतो. ही गोष्ट आपल्या सातारच्या मातीला काही नवी नाही. १६८९ मध्ये राजाराम महाराजांना रायगड सोडून जिंजीला जावं लागलं. मागे स्वराज्य कुणी बघायचं? रामचंद्रपंत अमात्यांना 'हुकूमतपनाह' हा किताब देऊन रीतसर अधिकार दिले गेले. तिकडे जिंजीत प्रल्हाद निराजींसाठी 'प्रतिनिधी' हे नवंच पद निघालं. पुढे अधिकाऱ्याच्या जागी काम पाहणाऱ्याला 'मुतालिक' म्हणायचे, आणि आज ते आडनाव म्हणून आपल्या वर्गात, आपल्या गल्लीत असतं. राजा दूर असताना हुकूम कुणाचा चालेल, हे आधी ठरवून ठेवलेलं असलं की गडबड होत नाही.

अर्थात कागदाची दुसरी बाजूही आहे. २०१५ मध्ये एनबीएत गोल्डन स्टेट वॉरियर्सचे कोच स्टीव्ह कर पाठीच्या ऑपरेशननंतरच्या त्रासामुळे बाजूला झाले. सहायक ल्यूक वॉल्टननं टीम सांभाळली. पहिल्या २४ मॅच सलग जिंकल्या! कर परत आले तोपर्यंत ३९ विजय आणि फक्त ४ पराभव. पण लीगच्या रेकॉर्डमध्ये ते सगळे विजय करांच्या नावावर गेले. वॉल्टनला 'महिन्याचा सर्वोत्तम कोच' हा सन्मान मिळाला तेव्हा त्याचं अधिकृत रेकॉर्ड होतं शून्य विजय, शून्य पराभव. काम एकाचं, नोंद दुसऱ्याची. जगातल्या कुठल्याही सहायकाला विचारा, तो हसेल.

आता पाचगणीला परत येऊ.

शेवटची ४० सेकंद. आम्ही एका पॉइंटनं पुढे. होय, त्या बूटवाल्यांच्या पुढे! चेंडू बाहेर गेला, शिट्टी झाली, घड्याळ थांबलं. पोरं दमली होती, कुणी कुणाला धरायचं हे कळत नव्हतं. मी पंचांकडे बघून दोन्ही हातांनी टी केला आणि ओरडलो, "टाइम-आउट!" पंचांनी टेबलाकडे बोट दाखवलं. मला अर्थच कळला नाही. मी पुन्हा पंचांवरच ओरडलो. तेवढ्यात चेंडू त्यांच्या खेळाडूच्या हातात दिला गेला आणि संधी संपली. त्यांनी बास्केट केली. आम्ही एका पॉइंटनं हरलो.

मॅचनंतर स्कोअरर काकांनी मला जवळ बोलावलं. टाइम-आउट पंचांकडे मागायचा नसतो, टेबलावरच्या स्कोअररकडे मागायचा. आणि त्यांनी बास्केट केली ना, तेव्हाही तुला मागता आला असता, ज्याच्यावर बास्केट होते त्याला तो हक्क असतो. तू तर कमरेवर हात ठेवून उभा होतास. असं सगळं त्यांनी शांतपणे सांगितलं. मला हक्क मिळाला होता, पण तो वापरायचा कसा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. कॅप्टन म्हणजे टॉस आणि हस्तांदोलन, एवढंच मला ठाऊक.

जीप संध्याकाळी आली. हनुवटीला पाच टाके. सरांनी स्कोअर विचारला, मी सांगितला. मग त्यांनी शीट मागितली आणि त्या आडव्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. धाकटे सर काहीच बोलले नाहीत.

आता मी कधीमधी शाळांच्या मॅचला टेबलावर बसतो. सही घ्यायच्या आधी प्रत्येक सरांना, मॅडमना विचारतो, "सहायक कोण लिहू?" बहुतेक जण म्हणतात, "राहू दे हो." मी पेन खाली ठेवत नाही. आणि दोन्ही कॅप्टनना जवळ बोलावून एवढंच दाखवतो, की मी इथे बसलोय. टाइम-आउट लागला तर माझ्याकडे बघायचं.

तुमच्या टीमच्या शीटवर त्या दुसऱ्या ओळीत कुणाचं नाव असतं, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, राम राम!