सनईची चुलत बहीण आणि चौंडीची लेक

१७७७ साली साल्झबुर्गच्या आर्चबिशपच्या दरबारात जुसेप्पे फेर्लेंदिस नावाचा इटालियन वादक नोकरीला आला. तो ओबो वाजवायचा. त्याच दरबारात चाकरी करणाऱ्या २१ वर्षांच्या मोझार्टने त्याच्यासाठी एक कन्चेर्तो रचला. कन्चेर्तो म्हणजे एक वाद्य पुढे आणि अख्खा वाद्यवृंद त्याच्या साथीला.

ओबो म्हणजे काय, हे आम्हा नगरकरांना सांगणं सोपं आहे. सनई डोळ्यांसमोर आणा. तोंडाशी दोन पातळ पात्यांची पत्ती आणि पुढे रुंदावत जाणारी नळी. दोघींचं मूळ पश्चिम आशियातल्या सुरना-झुर्ना कुळात आहे, असं मानतात. युरोपात त्या कुळातून शॉम आला. तो दणदणीत होता, उघड्यावर वाजायचा. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये त्याचाच मवाळ ओबो झाला आणि महालात शिरला. सनई मात्र देवळाच्या दारावर, नगारखान्यातच राहिली.

या कन्चेर्तोत ओबोचा प्रवेश ऐका. सूर झपकन वर चढतो आणि वरच्या ‘सा’वर जाऊन थांबतो. खाली व्हायोलिनं चालूच असतात आणि ओबो तो एकच सूर धरून ठेवतो. ज्याने लग्नात सनईवाल्याला असा लांब सूर लावताना ऐकलंय, त्याला यात परकं काही वाटणार नाही.

मोझार्टला ही रचना पैशांसाठी पुन्हा कामी आली. १७७७ च्या अखेरीस द जाँ नावाच्या हौशी बासरीवादकाने त्याच्याकडून बासरीच्या रचना मागितल्या. वेळ कमी होता. मोझार्टने ओबोचाच कन्चेर्तो एक स्वर वर सरकवून दिला. ठरलेल्या २०० गुल्डनपैकी हातात पडले ९६. पुढे बासरीची प्रत गाजली आणि ओबोची हरवली. शेवटी १९२० साली बर्नहार्ड पाउमगार्टनर यांना साल्झबुर्गमध्येच वादकांसाठी उतरवलेले जुने कागद सापडले. सुमारे १४० वर्षांनी ओबोला त्याचं संगीत परत मिळालं.

आता त्याच काळातल्या आपल्या जिल्ह्याकडे येऊ. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाई होळकर तेव्हा महेश्वरहून राज्य करत होत्या. १७८० साली त्यांनी काशी विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं. याच देवळात पुढे अली बक्ष सनई वाजवायचे. त्यांच्याकडे शिकलेला भाचा म्हणजे बिस्मिल्ला खाँ. त्यांनी सनईला नगारखान्यातून खाली उतरवून मैफलीत बसवलं, आणि २००१ साली त्यांना भारतरत्न मिळालं.

मला या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्याशा वाटतात, कारण त्यांतला फरक बोचतो. मोझार्ट आणि फेर्लेंदिस हेही चाकरच होते. व्हिएन्नात मोझार्टला आर्चबिशपच्या खानसाम्यांच्या पंगतीला बसावं लागलं होतं. पण त्यांचं काम कागदावर उतरलं होतं. म्हणून ते हरवूनही सापडलं.

आपल्याकडे सनई वाजवली ती गावोगावच्या गुरवांनी, मातंगांनी. बलुत्याच्या धान्यावर किंवा लग्नाच्या बिदागीवर. मुहूर्ताला त्यांच्यावाचून चालायचं नाही, पण अनेकांना देवळाच्या आत जागा नव्हती. त्यांचं संगीत मामाकडून भाच्याकडे, बापाकडून लेकाकडे गेलं, कुणी लिहून ठेवलं नाही. बिस्मिल्ला खाँ हा अपवाद. १७८० साली नगरच्या एखाद्या देवळात पहाटे काय वाजत होतं, हे सांगणारा कागद कुठल्याही कपाटातून निघणार नाही.

आज बहुतेक मांडवांत सनई स्पीकरवरूनच ऐकू येते. म्हणून एखाद्या जत्रेत सनई-संबळवाले प्रत्यक्ष दिसले, तर त्यांना विचारून पूर्ण वाजवणं रेकॉर्ड करा. तीस सेकंदांची रील नको. आणि फाइलला नाव देताना गावाच्या नावासोबत वादकाचं नावही लिहा. फेर्लेंदिसचं नाव आपल्याला आज माहीत आहे, ते कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणूनच.